गोड माती

रशियन मी शिकलो ती पुस्तकातून नव्हे,
गोदीत, झडपांवरून.
पितळी पट्टीवर कोरलेलं होतं: दावलेनिये.
गेन्नादी पाव्लोविचने तळव्यावर तळवा चेपून दाखवला.
दाब, मी म्हटलं.
दाब, तोही म्हणाला,
आणि आम्ही हसलो, भाऊबंदकी मिटल्यासारखे.

त्याच्या नावात बाप मधोमध उभा,
माझ्याही. दत्ताराम केशव खवणेकर.
माणसाला हाक मारताना
जिथे त्याच्या बापालाही बोलावतात
तो मुलूख लांबचा कसा?

दहाच्या सुट्टीत चहा.
किटलीवाल्या पोराला तो सांगायचा: साखर.
मला वाटलं, मराठी शिकला!
नाही. त्यांच्याकडेही साखरच.
ख जरा घशातून, एवढंच.
चार चमचे, आणि ढवळायचा नाही.
तळाला उरलेली बोटाने चाटायचा,
पन्नाशीला टेकलेला, एवढा मोठा इंजिनिअर.

त्याबद्दल बोलला एकदाच,
बॉयलरच्या आड, अर्धं खुणांनी.
तो पाच वर्षांचा. शहराला वेढा.
गोदामं जळाली, साखर वितळून जमिनीत मुरली.
आई ती माती आणायची,
पाण्यात कालवून फडक्यातून गाळायची, उकळायची.
बाजारात विकायचेसुद्धा:
वरच्या थराची महाग, खालची स्वस्त.
झिम्ल्या, तो म्हणाला.
जमीन, मी म्हटलं.
या वेळी कुणी हसलं नाही.

तेव्हापासूनचं हे खूळ.
फोर्टच्या फुटपाथवरून नकाशे आणले,
झारांच्या वंशावळी, कांद्यासारख्या घुमटांची चित्रं,
समोवार छापलेलं एक कॅलेंडर, साल उलटून गेलेलं.
कांजूरच्या दीड खोलीत
नेवा नदी पलंगाखाली गुंडाळून ठेवलेली.
कुमुद म्हणायची,
रॉकेलच्या रांगेत उभं राहा म्हटलं की यांचे पाय दुखतात,
लेनिनग्राडच्या रांगेत मात्र रोज हजर.
खोटं नव्हतं.

एकदा नरशीभाईकडे सव्वाशे ग्रॅम पाव मागितला.
पाव वजनावर नाय मिळत, शेठ.
तरी घातला तराजूत.
तीन पाव, पारडं जरा खाली.
तिसऱ्याचा कोपरा तोडला तेव्हा जुळलं.
एका माणसाचा. एका दिवसाचा.
त्यातही त्यांच्या पिठात सरकीची पेंड,
आपण म्हशीला घालतो ती.
कोपरा नरशीभाईने कावळ्याला टाकला.
मी बघत राहिलो.

मग त्याचा देशच विसर्जित झाला.
मी पत्र घातलं ते शहराच्या जुन्या नावावर,
हाताला तीच सवय.
चार वर्षांनी माझ्याही शहराची पाटी बदलली.
त्याचं उत्तर निघालं असेल तर
कुठल्या दोन नावांच्या मधे पडलंय कोण जाणे.

आता टीव्हीवर तीच भाषा.
खालची मराठी पट्टी न वाचता शब्द कळतात
आणि कळू नयेत असं वाटतं.
ज्यांच्या भुकेचं वजन मी तराजूत घालून पाहिलं
त्यांची नातवंडं रणगाड्यावर बसून
दुसऱ्याच्या गावात शिरताना.
त्या गावातही कुणी आई असेल,
माती उकरणारी.
कुमुद असती तर म्हणाली असती, बंद करा ते.
मीच बंद केला.

झोप नव्हती. पहाटे ससून डॉकला गेलो.
बर्फ मी पाहिलाय तो एवढाच,
लाद्या फोडून पाट्यांत ओतलेला,
पापलेटांच्या डोळ्यांना टेकलेला.
हात घातला मनगटापर्यंत आणि मोजायला लागलो,
अदीन, द्वा, त्री,
चाळिसाच्या पुढचे आकडे आठवेनात.
कोळीण खेकसली,
म्हातारबा, म्हावरं घ्यायचं तर घ्या,
बर्फ कशाला चिवडताय?

अर्धा किलो मांदेली घेतली.
पैसे डाव्या हाताने दिले.
उजवा अजून तिकडेच होता.