यजमान

औंधच्या छातीच्या दवाखान्यातून
अस्लम तांबोळी स्कूटरवर डबा आणतो,
पायांमध्ये धरून, जणू आत अंडी आहेत.
ब्रेमेन चौकात सिग्नल लांबला
की कोरड्या बर्फाचा धूर झाकणातून निघतो
आणि शेजारचा रिक्षावाला विचारतो, कुल्फी का?

पाषाणला, तळघरातल्या खोलीत
उणे वीस अंशांवर मी तुकडा कापते.
दहा मायक्रॉन. कांद्याचा पापुद्रासुद्धा याहून जाड.
पातं जरा अडलं
तर काप गुंडाळतो, पहिल्या फसलेल्या घावनासारखा.
ब्रशने उलगडायचा, श्वास रोखून.

एक काप, आत राहायला कोण आलं ते बघायला:
रंगाची खूण त्यांच्या अंगाला चिकटते
आणि अंधारात ते लाल दिसतात,
पेटीतून सांडलेल्या काड्या.
शेजारचा काप, त्यांनी तिथे काय शिजवलं त्यासाठी.
त्यावर रात्रभर लेझर चालतो, ठिपक्यामागून ठिपका.
जिथे पडतो तिथलं उडतं, तोललं जातं, संपतं.
भोकांचा कागद ठेवून रांगोळी काढतात ना,
इथे भोकं पाडत गेल्यावर रांगोळी कळते.

जंतू ज्याच्या शरीरात राहतात
त्याला शास्त्रात यजमान म्हणतात.
शब्द निवडणाऱ्याला सुगंधा कुदळे भेटली नसावी.
संमतीच्या फॉर्मवर मी विचारलं, पेशंटचं नाव?
ती म्हणाली, यजमान.
हो, पण नाव?
तिने बाकाखाली पायाने चप्पल चाचपली,
मग शेजारच्या बाईला म्हणाली, तुम्हीच सांगा ह्यांना.
वाघोलीला क्रशरवर सोळा वर्षं.
त्यानंतर तो पी-सदतीस.
कुणाचा तुकडा कुणाचा, मला कळू नये असा नियम आहे.
पण दगडाची भुकटी कापात दिसते, काळी,
आणि त्या महिन्यात खाणीवरचा एकच होता.

पहाटे चित्र आलं.
औषध हिरवं, गाठीच्या कडेकडेने पसरलेलं,
उंबऱ्यापर्यंत आलेलं.
आत, नासलेल्या दुधासारख्या भागात
लाल काड्या, आणि त्यांच्याभोवती त्यांचंच पिवळं मेण.
दीड वर्ष उपाशीपोटी गिळलेल्या गोळ्या
इथे येऊन ताटकळत उभ्या होत्या.
पेठे मॅडम म्हणाल्या, सुंदर.
मग म्हणाल्या, आता यजमान वजा कर.
म्हणजे त्याचे स्वतःचे रेणू. गोंगाट असतो तो.
मी केला. तो करडा झाला. लेखात हेच चित्र जाईल.

दुपारी फोन.
"मॅडम, यजमानांचा फोटो निघाला का?"
निघाला.
"बरा आलाय?"
मागे कुकरची शिट्टी, एक खोकला, किरकोळ,
आणि खोकल्यामागून: "म्हणावं, एक आम्हाला द्या."
डाव्या फुफ्फुसाचा वरचा मजला
आमच्याकडे उणे ऐंशीत,
बाकीचा माणूस बोपोडीत मटार सोलत बसलेला.

रात्री परत बसले. वजा केलेलं परत मिळवलं.
करड्यातून तो वर आला:
गाठीभोवती कडं करून उभ्या त्याच्या पेशी,
निळ्या, दाटीवाटीने, खांद्याला खांदा,
काही केव्हाच फुटलेल्या,
आणि भुकटी तिथेही, ती जाते कुठे.
ओळखला नसता कुणी.
मी तरी त्याला एकदाच पाहिलं होतं, मास्कमध्ये.

फाइल ठेवायची तर यंत्र नाव मागतं.
रिकामी चौकट, लुकलुकणारी काडी.
वरती वॉचमन गेट ओढत होता.
मी लिहिलं, यजमान.
यंत्र म्हणालं, या नावाची फाइल आधीच आहे,
पुसून त्यावर लिहू का?

नाही, दाबलं.
मग तशीच बसून राहिले,
दुसरं कुठलं नाव सुचेना.