४०७१८

रात्री पावणेदोन. खराडीत चौथ्या मजल्यावर
एसी आणि मी, दोघंच जागे.
माउस बाजूला सारलाय.
काळ्या पडद्यावर एकच ओळ लिहितो:
नव्वद दिवस हालचाल नसलेली
सगळी तिकिटं बंद कर.

एंटर.

तीनशे अकरा तक्रारी
लाह्यांसारख्या तडतडत वर सरकल्या.
पासवर्ड विसरलो, प्रिंटर कुरकुरतो,
कीबोर्डात चहा, वानवडी शाखा, तिसऱ्यांदा.
बंद. बंद. बंद.
माझा चहा निवायच्या आत
वर्षाचा पसारा आवरला.

मग सवयीनं ग्रेप चालवून
'अजून' हा शब्द शोधला.
उगाच. काय उरलं ते बघायला.

४०७१८. सुलभा गुंजाळ, रेकॉर्ड विभाग, भवानी पेठ.
"ह्यांचं लॉगिन यादीत अजून दिसतं.
हे फेब्रुवारीत गेले.
काढायची घाई नाही. फक्त विचारलं."

आम्ही कुणीच काही बोललो नव्हतो.
आता बोललो होतो.
मेलची रांग उपसून पाहिली, रिकामी.
एक बावन्नला पत्र गेलंसुद्धा:
आपली अडचण सुटली आहे.
आम्हाला किती तारे द्याल?

यादी उघडली.
वि. गुंजाळ, सु. गुंजाळ. खालीवर, शेजारी.
वि. गुंजाळ, शेवटचं लॉगिन:
काल सकाळी, नऊ वाजून तीन मिनिटं.

नियमानं हे वर कळवायला हवं.

४०७१८ पुन्हा उघडलं.
जबाबदार: मी.
मुदत विचारली, तिथे
नुसतंच एंटर दाबलं.