दोन स्टॉप खाली, दोन स्टॉप वर

अक्कलकोट रोड, एमआयडीसी. मे महिना, दुपारचा दीड.
गड्डम शेठना कॅटलॉगसाठी कारखान्याचा फोटो हवाय:
आतले माग दिसले पाहिजेत,
आणि दारातून बाहेरचा कडुलिंबही.
मी म्हणालो, कॅमेऱ्याला दोन्ही एकदम दिसत नाही.
शेठ म्हणाले, मला तर दिसतंय.

डोळा लबाड आहे.
अंधाराकडे वळताना बाहुली गुपचूप मोठी करतो,
उजेडाकडे वळताना बारीक,
आणि वर सांगतो की सगळं एका नजरेत पाहिलं.
कॅमेऱ्याला एवढं खोटं जमत नाही.
त्याला एक तर दार जाळावं लागतं
नाहीतर माग काजळीत बुडवावे लागतात.

म्हणून ट्रायपॉड. अ‍ॅपर्चर आठवर बांधून ठेवलं,
आयएसओ शंभर, फोकस हाताने.
तीन फ्रेम घ्यायच्या, जागा न सोडता.
पण फरशी थरथरते इथली,
चाळीस मागांची खटाखट
जमिनीतून ट्रायपॉडच्या नडग्यांत चढते.
पायांखाली टॉवेलच्या घड्या सारल्या.
इथे टॉवेलला काय तोटा.

"माग थांबवता का जरा? दहा सेकंद."
नरसय्या इरबत्तीने मान वळवली नाही.
"माग थांबला की पगार थांबतंय बे. तू काढ की."

काढले.
दोन स्टॉप खाली: कट्.
मधली: क-ट्.
दोन स्टॉप वर: क
      .
      .
      ट्.

रात्री साखर पेठेत, पाणी संपलेल्या कूलरसमोर,
तिन्ही फाइली सॉफ्टवेअरला खाऊ घातल्या.
कडेला कड जुळव म्हटलं, जुळवली.
मग त्यानेच विचारलं: भुतं काढू?
जे हलतं त्याला ही मंडळी भूत म्हणतात.
कमी, मध्यम, जास्त.
मी 'जास्त' दाबलं.

पट्टी सरकत सरकत शेवटाला गेली.
ताणा दिसला, धागा न् धागा.
छताला लोंबणारी सुताची जळमटं.
दारात कडुलिंब, पानं मोजून घ्यावीत असा.
आणि मागापाशी एक बनियन,
खांद्यापर्यंत माणूस, पुढे हात नाही.
टॉवेल आपला आपण विणला जातोय.

शेठना हेच आवडणार, मला ठाऊक होतं.
सावल्या थोड्या उचलायच्या, रंग चढवायचे,
झाडाभोवती पांढरी कड येऊ द्यायची नाही,
की झाला लग्नाचा अल्बम.

भुतं परत बोलावली.
नरसय्याला तीन उजवे हात फुटले:
एक ठसठशीत, एक पुसट,
एक नुसताच वारा.

झोप येईना म्हणून एकेक फ्रेम उघडली.
दोन स्टॉप खालची: आत सगळं डांबर,
दार तेवढं नीट,
आणि दारात एक बाई.
डोक्यावर विड्यांची टोपली, हातात डबा,
तोंड उघडं, जणू कुणाला हाक मारतेय.
मधल्या फ्रेममध्ये ती उजेडात अर्धी विरघळलेली.
तिसरीत दारासकट गेली.
मी तिथेच उभा होतो, सहा फुटांवर.
मला ते दार पांढरं दिसलं होतं, रिकामं.

शेठना हात जोडून दिला,
म्हणजे मधल्या फ्रेममधला हात, मास्क लावून,
कड मऊ करून. तेवढं इमान राखलं.
नरसय्याला दुसरं दिलं, भुतांसकट,
आठ बाय बारा, मॅट कागद.

त्याने आधी हात मोजले.
"माग दोन, हात तीन. एक वाढीव दिलास बे."
मग बोट दाराशी गेलं ते तिथेच राहिलं.
"राजव्वा म्हणली, चारदा हाक मारली,
डबा ठेवून गेली तशीच.
मी म्हणलो, खोटं बोलतीस."

फोटो टॉवेलात गुंडाळून
त्याने शर्टाशेजारच्या खिळ्याला अडकवला.
एका मागाची कांडी संपली होती.