सूचना क्रमांक चार

बोधनकर मॅडमनी लाल पेनानं
‘शक्यतो’ खोडलं.
‘पट्टा फिरताना शक्यतो हात घालू नये’ –
समासात लिहिलं : शक्यतो म्हणजे किती?

शनिवारी विष्णुपुरीहून मुदखेडला गेलो.
मामाच्या गिरणीत ज्वारीचं दळण चालू,
त्याच्या भुवयांत, कानांत पीठ.
तांत्रिक लेखनाची माझी पुस्तिका
वाचून दाखवली, पट्ट्याच्या आवाजाच्या वर
आवाज काढून.

‘चांगलं लिव्हलास,’ मामा म्हणाला,
‘पण तवा मला वाचता कुठं येत होतं?’
आणि तीन बोटांनी
कुणाच्या तरी डब्यातलं पीठ दाबून बसवलं.

रात्री सूचना क्रमांक चार सगळीच खोडली.
तिथं आकृती काढली :
चाक, पट्टा, एक हात.

बोटं किती काढावीत
ते अजून ठरत नाही.
सोमवारी जमा करायचंय.