नऊ फटी

कॅम्पातल्या लिलावात मष्णू गावड्यानं घेतली ती विलीज:
नऊ फटींची जाळी, डाव्या हाताचं स्टिअरिंग,
बॉनेटवर अर्धा खरवडलेला पांढरा तारा.
कुठली लढाई बघितलीस, विचारलं
तर नुसतीच खोकली.

मग कणकुंबीचा चढ, तांबडा राडा,
चौदा माणसं, दोन बकरी, एकदा एक बाळंतीण.
किन्नर मी, मागच्या फळीवर लोंबकळत.

दस्तगीर मिस्त्री म्हणायचा,
"हिला काय हुतंय? तार आणि शिवी, बास की."

पाटी मराठीत होती, नंतर कन्नडात झाली;
इंजिनाला दोन्ही वाचता येईना.

काल बेळगावात, शोरूमच्या काचेआड,
नव्या जीपची जाळी बोटानं मोजली.
सात.

पोरगा म्हणाला, काका, टेस्ट ड्राइव्ह?
मी म्हटलं, दोन कमी आहेत.