परदेशयोग

सोहारच्या बंदरात बावीस वर्षं
युसुफ परकार, मूळ गाव बाणकोट.
ऊन एवढं, की दुपारी क्रेनच्या कठड्याला हात लागला
तर कातडी तिथेच राहते.
आणि डाग चिघळला तो कुठे,
तर बुटाच्या आत, तळपायावर,
जिथे सूर्याचं कधी काही काम नव्हतं.

'जन्माचाच आहे हो तो,' लॅबच्या खिडकीशी ते म्हणाले,
बिल्ल्यावरचं माझं आडनाव वाचून थेट मराठीत.
'सुईणीने पाहिला, आईला म्हणाली,
पायाला तीळ, हे पोर काय घरी टिकत नाही.
बहरीन झालं, कुवेत झालं, मग हे.
आता तो स्वतःच हातपाय पसरायला लागलाय.'

मी फक्त काप घेते.
मेणाच्या ठोकळ्यातून, केसाहून बारीक,
पाण्यावर तरंगवते, काचेवर झेलते,
जांभळ्या-गुलाबी रंगात बुडवून स्कॅनरला देते.
कॅन्सर आहे हे कळलेलंच. मशीन पुढचं बघतं:
कुठली पेशी शेजारणीचा हात सोडतेय,
कुठली रक्तवाहिनीच्या उंबऱ्याशी घुटमळतेय
चप्पल घालून तयार.
दीड मिनिटात सांगतं,
तीन वर्षांत पसरण्याची शक्यता अडुसष्ट टक्के.
आधी बहुधा जांघेतल्या गाठी. नंतर फुप्फुस.

ना व्हिसा, ना कफील.

खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ असते:
या जागेचे, या वर्णाचे नमुने प्रशिक्षणात कमी होते,
निष्कर्ष जपून वापरावा.
म्हणजे ज्या लाखो काचा पाहून ते शिकलं
त्यांत अनवाणी वाढलेले पाय फारसे नव्हतेच.
ती ओळ मी तीनदा वाचली.
अडुसष्टला तिने भागता येईना,
गुणताही येईना.
डॉक्टर थुरय्यांना फोन केला, ही ओळ बघा.
बघितली, त्या म्हणाल्या.
गाठ काढू. आता गाठीलाच विचारू.

गुरुवारी ते पट्टी बदलून आले,
एका पायात बूट, एकात रबरी सपात,
हातात खजुराचं खोकं.
मशीन काय म्हणालं ते त्यांनी विचारलं नाही.
'तीळ तर काढला,' म्हणाले,
'मग परदेशयोग संपला म्हणायचा का?'

मी एक खजूर घेतला.
बी बराच वेळ तोंडातच होती.