तक्रारीचा रकाना

पुंता अरेनासमध्ये वारा सुटला
की चौकाचौकात दोर बांधतात, माणसांना धरून चालायला.
कुत्र्यांसाठी काही बांधत नाहीत.
ती पोट जमिनीला घासत येतात
आणि दवाखान्याचं दार ढकललं
की आधी वारा आत शिरतो, मग कुत्रं, मग मालक.

माझं काम लिहून घ्यायचं.
नाव, वय, वजन, तक्रार.
तक्रारीचा रकाना दोन बोटं रुंद,
छापणाऱ्याला वाटलं असेल,
मुक्या जिवाची ती तक्रार केवढीशी!

लूचे, कुत्रा, नऊ वर्षं, एकोणचाळीस किलो.
जिने चढत नाही.
खातो काय, विचारलं, तर बाई म्हणाल्या,
काहीच नाही हो, नुसता वास घेतो.
बोलता बोलता पर्समधून लोण्याचा पाव काढला
आणि त्याच्या जबड्यात ठेवला,
सुपारी द्यावी तसा, सहज.

येर्कोचा फोन, मेंढ्यांच्या कुरणावरून:
सकाळपासून मातीत बसतंय, उठतंय, होत काहीच नाही.
पोट धरलं असेल. चमचाभर तेल पाजू?
बोका की भाटी?
बोका.
मग तेल राहू दे आणि गाडी काढ.
उद्या बाजाराला येणारच आहे, तो म्हणाला.
मी अशी ओरडले
की बाकाखालची तिन्ही कुत्री उठून उभी राहिली.
लघवी तुंबलीय त्याची, उद्याचा बाजार बघणार नाही तो!
ऐंशी किलोमीटर आला, बोका लोकरीच्या टोपीत घालून.
बोका वाचला.
टोपी गेली.

आणि दोन्या एदुविहिस,
निएब्लाला घेऊन तिसऱ्यांदा.
पुढचा उजवा पंजा चाटून चाटून
सोललेल्या बिटासारखा.
डॉक्टर मिलेन्कोंनी बोटांच्या बेचक्या उघडून पाहिल्या,
काटा नाही, गोचीड नाही, बुरशी नाही.
फरशीला नवं औषध? नाही.
खाण्यात बदल? नाही.
घरात काही बदललं?
नाही, म्हणाल्या, काय बदलणार आमच्या घरात.

गळ्यात घालायचा तो प्लास्टिकचा कर्णा
मागच्या खेपेला दिला होता.
घातला नाही?
घातला. एक रात्र.
त्या हातमोजे काढू लागल्या, एकेक बोट,
काढून झाल्यावर पुन्हा घालू लागल्या.
चाटायची थांबली ती, म्हणाल्या,
पण मग घरात कसला आवाजच उरेना.
मीच काढला.

डॉक्टर काही बोलले नाहीत.
निएब्ला मात्र उठली,
लंगडत दारापाशी जाऊन बसली, कान उभे.
सव्वासहा, दोन्या एदुविहिस घड्याळ न बघता म्हणाल्या.
बस यायची ना त्याची.
कोणाची, हे मी विचारलं नाही.
अर्जावर, अडीनडीला कळवायचं माणूस या ओळीत
दान्को, मुलगा, आणि एक नंबर होता,
नंबरावर आता दुसऱ्या शाईची रेघ.

मलम दिलं. कर्णा पुन्हा दिला,
दिवसा घाला, आणि रात्री रेडिओ लावा, अगदी हळू.
आणि सव्वासहाला तिला घेऊन बाहेर पडा,
डॉक्टर म्हणाले, वारा असो, नसो.
थांबवू नका तिला. जाईल तिथे जा.

रकान्यात मी लिहिलं:
पंजा, पुढचा, उजवा.
जागा संपली.

आज काउंटरवरून दिसल्या दोघी.
एका हातात दोर, एका हातात पट्टा,
स्कार्फ मागे सरळ आडवा, झेंड्यासारखा.
बस थांबली, चौघं उतरले.
निएब्लाने चौघांचे बूट हुंगले,
एकेक, घाई नाही.
मग मान झटकली
आणि चिकटून राहिलेल्या मलमपट्टीसकट
रस्त्याकडेच्या बर्फावर
कितीतरी वेळ मुतली.